मालिकेचं उद्यापन

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात टीव्हीवरची एकच मालिका पाहिली, आणि तीही घराबाहेर बसून.

लातूरचं आमचं घर स्लॅबचं होतं. पुढे अंगण, अंगणात पत्र्याचं शेड, शेडमध्ये एक बाज, एक रांजण आणि सासरे. औशाच्या बाजूचं त्यांचं गाव भूकंपात गेलं. दगडामातीची माळवदाची घरं होती, आणि भिंती किती जाड आहेत याचा पिढ्यान्‌पिढ्या अभिमान होता. त्या भिंतींनीच माणसं घेतली. सासू-सासरे वाचले आणि लातूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे आले. पहिलं वर्षभर सगळं लातूरच बाहेर झोपत होतं, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मग लोक एकेक करून आत गेले. कोणी मुलीची सोयरीक जमली म्हणून, कोणी थंडी सोसेना म्हणून, कोणी अंथरुणात विंचू निघाला म्हणून. सासूबाईही गेल्या. सासरे गेले नाहीत.

मी लग्न होऊन नांदेडहून आले तेव्हा शेडचे पत्रे गंजायला लागले होते आणि त्याविषयीचं बोलणं संपलं होतं. नांदेडला त्या पहाटे आमच्या फळीवरची भांडी वाजली होती. वडील म्हणाले, ट्रक गेला असेल, आणि आम्ही कूस बदलली. लातूरमध्ये हे सांगायची सोय नव्हती. मी एकदा सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई." त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मीही पुढे तसंच म्हणते.

मालिका विनोदी होती. निदान सुरुवातीच्या पाट्यांत तसं लिहिलेलं असे. शहरातल्या एका इमारतीत दोघं समोरासमोर राहतात. तो टपाल खात्यात कारकून, चाळिशी उलटलेला. ती शाळेत बाई. दोघांचं लग्न पहिल्याच भागात ठरलं, आणि तेव्हापासून दर सोमवारी ते लांबत राहिलं. एकदा भटजी पळून गेला. एकदा मंगल कार्यालय एकाच दिवशी दोघांना दिलं गेलं. एकदा नवरदेव लिफ्टमध्ये अडकला आणि मुहूर्त टळल्यावरच बाहेर निघाला. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. कॉलेजातली मुलं नुसती पटावर असत, खरी क्लासला असत, त्यामुळे वाचायला मला भरपूर वेळ मिळे आणि असल्या मालिकांविषयी माझं मत चांगलं असायचं काही कारण नव्हतं. तरी सोमवारी मी पुस्तक मिटून बसत असे. का, ते कळायला वेळ लागला नाही. मी टीव्हीसाठी बसत नव्हते.

टीव्ही पुढच्या खोलीत तिरका ठेवलेला असे. अर्धं तोंड आतल्यांकडे, अर्धं खिडकीकडे. खिडकीबाहेर स्टूल टाकून मामा बसत. आत, खिडकीच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून आत्या बसत. एकमेकांची तोंडं दोघांना दिसत नसत. पण दिवसभरात ती दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ तेवढा अर्धा तासच असत.

"आज कोण पळतंय बघू," मामा बाहेरून म्हणत.

"गप बसा की. ऐकू येईना गेलंय."

"मला बाहेरून ऐकू येतंय, तुला आत बसून येईना?"

"आत या म्हणलं तर यायचं न्हाई, आन् बाहेरून शहाणपण शिकवतेत."

सोमवारचा दोघांचाही उपास. तो संध्याकाळी सोडायचा असतो, पण मालिका सुरू झाल्यापासून तो मालिकेनंतर सुटू लागला. आधी लग्न मोडायचं, मग ताट वाढलं जायचं. मामांचं ताट खिडकीतून जात असे. गजांतून ताट जात नाही म्हणून नवऱ्यानं मधले दोन गज कापून घेतले होते. मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, चोर येऊन गेला असावा.

एका दिवाळीत नवऱ्यानं मामांना फार धरलं. लोक काय म्हणतात, आम्हाला काय वाटतं, वगैरे. मामा ऐकत होते. शेवटी त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "ह्या दोघांचं लग्न लागू दे. मग येतो आत."

हे आम्हाला गप्प करायला म्हटलं होतं, हे आम्हा दोघांना कळलं. आत्यांना ते वचन वाटलं. त्यांच्या हिशेबात ते व्रतच झालं. सोमवार होतेच, फक्त उद्यापनाची तिथी ठरत नव्हती.

मधल्या काळात लातूर बदललं. दहावी-बारावीच्या गुणांचं पीक निघायला लागलं आणि ते पीक घ्यायला साऱ्या महाराष्ट्रातून आईबाप मुलं घेऊन उतरू लागले. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे मोकळी जागा होती त्यानं खोल्या काढल्या, ज्याच्याकडे खोल्या होत्या त्यानं त्यांत पार्टिशन घातलं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागले, आणि त्यांना हार घालायला मान्यवर आले. मान्यवर तेच असत, फोटो बदलत. नवरा एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. आमच्या गच्चीवरच्या खोलीत तीन रिपीटर राहत होते, म्हणजे बारावी पास होऊनही मेडिकलसाठी पुन्हा बारावी करणारे. त्यातला एक पार इस्लापूरचा. गावाजवळचा धबधबा सोडून हा इथं, जिथं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं तिथं, डॉक्टर व्हायला आला होता. या तिघांना सोमवारचा अर्धा तास माफ होता. तेही अंगणात, मामांच्या मागे उभे राहून बघत.

त्या वर्षी नवऱ्यानं ठरवलं, अंगणात तीन खोल्या काढायच्या. बांधकामाचा गुत्तेदार येऊन चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा मारून गेला. एक रेघ मामांच्या बाजेखालून गेली. जूनमध्ये मुलं येतात, त्याच्या आत काम व्हायला हवं होतं, आणि कामाच्या आधी शेड जायला हवं होतं. मामांनी रेघ पाहिली, पण बाज उचलली नाही.

आणि त्याच महिन्यात जाहीर झालं की मालिका संपणार. अखेरच्या भागात लग्न, असं टीव्हीवर रोज सांगू लागले.

आत्यांनी हे दैवी मानलं. मी दैव वगैरे मानत नाही, पण मलाही जरा बरं वाटलं, हे खरं. इतकी वर्षं आम्ही ज्या माणसापुढे हरलो, त्याला एक टपाल कारकून आणि एक शाळामास्तरीण हरवणार होते. आत्यांनी पुरणाचा बेत केला. गल्लीतल्या पाच जोडप्यांना जेवायला सांगितलं; उद्यापनाला जोडपी लागतात. पुढच्या खोलीत नवी वाकळ शिवून पलंगावर अंथरली. पलंग होता तसाच इतकी वर्षं पडून होता, त्यावर कपड्यांच्या घड्या असायच्या. घड्या गेल्या. एका ताटलीत तांदूळ कुंकवानं रंगवून ठेवले.

"आत्या, हे कशाला?" मी विचारलं.

"लग्नाला अक्षता लागत न्हाईत का?"

"टीव्हीवर टाकणार?"

"त्यांच्यावर टाकू. पोचतील तशा पोचतील." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पुस्तकं वाचून राहिलीस म्हणून तुला हसू येतंय. तुझ्या पुस्तकात मेलेल्यांवर रडत न्हाईस का तू?"

मी ताटली टीव्हीशेजारी नेऊन ठेवली.

भारनियमनाची भीती होती. ऐन वेळी दिवे जायचे. गच्चीवरची मुलं पुरणपोळ्यांचा डबा घेऊन लाइनमनकडे गेली आणि आश्वासन घेऊन आली. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक पांढरा सदरा आणि टोपी घालून सपत्नीक आले आणि मधल्या खुर्चीवर बसले. त्यांना कुठल्याही कार्यक्रमात मधली खुर्ची लागे. बाकीचे आत-बाहेर दाटीवाटीनं. मामा त्यांच्या स्टुलावर. त्यांनी धोतर धुतलेलं नेसलं होतं आणि कपाळाला भस्म नेहमीपेक्षा ठळक होतं. आत्यांनी खिडकीतून त्यांच्या हातावर अक्षता दिल्या. त्यांनी मूठ मिटली.

शेवटचा भाग एक तासाचा होता. पहिली पंधरा मिनिटं ठीक गेली. मांडव सजला. भटजी पळाला नाही. लिफ्ट बंद पडली तर नवरदेव जिन्यानं आला. त्यावर अंगणात टाळ्या पडल्या. अंतरपाट धरला गेला. आत्या उभ्या राहिल्या, म्हणून सगळेच उभे राहिले. मुख्याध्यापकांनी टोपी सारखी केली. मूठमूठ अक्षता घेऊन वीस-पंचवीस माणसं एका टीव्हीसमोर उभी होती, आणि मी त्यांत होते.

अंतरपाट दूर झाला तो पलीकडे नवरी नव्हतीच. पलीकडे एक व्यासपीठ होतं. निवेदिका हसत पुढे आली आणि म्हणाली की या लाडक्या जोडीचं लग्न कसं लागलं, हे आम्ही रसिक मायबापांच्या कल्पनेवर सोडतो. आता सुरू होतोय कृतज्ञता सोहळा. मग सत्कार झाले. निर्मात्याचा झाला, प्रायोजकाचा झाला, भटजीचं काम करणाऱ्याचा झाला. शाल, श्रीफळ, चांदीचं काहीतरी. कोणी एक प्रमुख पाहुणे बराच वेळ बोलले. त्यांनी मालिका पाहिली नसावी, कारण ते कारकुनाला पोलीस म्हणत होते. टपाल कारकून आणि बाई सोफ्यावर शेजारीशेजारी बसले होते, आपापल्या खऱ्या कपड्यांत, आणि एकमेकांना फारसे ओळखत नसल्यासारखे दिसत होते.

अंगणात कोणी बसलं नाही. बसलं तर संपलं, असं काहीतरी होतं. लोक उभ्याउभ्या सत्कार बघत राहिले.

आधी इस्लापूरचा मुलगा बोलला. "हे तर आमच्या क्लाससारखंच झालं की. वर्षभर आपण मरायचं आन् शेवटी सत्कार भलत्याचाच."

एक बाई म्हणाली, "माझ्या पोरीचा जन्म ह्या मालिकेत झाला. ती आता चौथीला हाय. आन् ह्यांना एक लग्न लावाया जमंना."

"कल्पनेवर सोडतो म्हणे! कल्पना करायची तर मग टीव्ही कशाला आणला?"

 आत्या खिडकीकडे वळल्या. "झाली मालिका," त्या म्हणाल्या. "या आत. ताटं वाढते."

मामांनी मूठ उघडून बघितली. "लग्न कुठं लागलं?"

"संपली न्हवं का?"

"संपली न्हाई. सोडून दिली. पोथी अर्ध्यात बांधून ठेवली तर तिला कोणी समाप्ती म्हणतं का?" मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "उद्यापन हुत न्हाई असं. तुलाच ठाऊक हाय."

ठाऊक होतं, हाच घोटाळा होता. आत्यांनी स्वतःच त्याला व्रत मानलं होतं, आणि व्रताचे नियम त्यांच्याइतके गल्लीत कोणाला माहीत नव्हते. त्यांनी पदर पुढे करून सगळ्यांच्या अक्षता परत गोळा केल्या. त्या कुठे टाकायच्या, असा प्रश्न कोणी विचारला नाही. पाच जोडपी पुरणपोळी जेवली आणि तिच्याविषयी एक अक्षर न बोलता घरी गेली. मामांचं ताट खिडकीतून गेलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक कागद घेऊन आले. लातूरला भूकंपानंतर एक सवय लागली होती. काहीही मोडलं, पडलं, हरवलं की निवेदन द्यायचं. पंचनामा होतो, कधीतरी काहीतरी मिळतं. त्या सवयीनं त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे निवेदन लिहिलं होतं. सदर मालिकेच्या अंतिम भागात नियोजित विवाह न लावता सत्कार समारंभ उरकण्यात आल्यामुळे प्रेक्षकांच्या भावना तीव्र झाल्या असून, हा मराठवाड्यावर झालेला आणखी एक अन्याय आहे. तरी विवाहाचा अनुशेष तातडीनं भरून काढावा, अन्यथा आंदोलन छेडण्यात येईल. प्रत माहितीसाठी: पोलीस अधीक्षक.

"सर, मालिका मुंबईला होते. जिल्हाधिकारी काय करणार?" मी म्हटलं.

"बाई, आपण निवेदन देणं महत्त्वाचं."

कार्यालयात त्यांनी ते घेतलं, आवक शिक्का मारला आणि फोटोही काढू दिला. फोटोत सात माणसांनी एकच कागद धरला होता. पुढच्या रविवारी, मालिकेच्या प्रेक्षकांना वाचा फोडल्याबद्दल, कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयात मुख्याध्यापकांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. मी गेले नाही. त्या दुपारी मी घरी होते म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

नवरा क्लासला गेला होता. गुत्तेदार सकाळी येऊन सांगून गेला होता की माणसं परवा येतील, शेड रिकामं करून ठेवा. मी आत ताक घुसळत होते. आत्या पुढच्या खोलीत गेल्या आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"त्या टीव्हीवाल्यांनी समद्यांला फसवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला एकटीला फसवून राहिले."

"मी काय फसवलं?"

"छताचं भ्या वाटतं तर तसं सांगा. लेकरासारखं रडा. मी काय हसणार हाय का तुम्हाला? पर लग्नाचं निमित्त कामून? त्या पलंगावर मी वाकळ घातली. पाच घरं बोलवून हसं करून घेतलं."

"छताला कोण भेतंय?"

"मग?"

 मी रवी थांबवली, कारण तिचा आवाज फार होत होता.

"एक माणूस बाहेर लागतंय," ते म्हणाले.

"कशाला?"

"समदेच आत असले तर काढणार कोण?"

आत्यांनी खिडकीचा गज धरला.

"मी त्या दिशी उडदाच्या राशीवर राखणीला हुतो म्हणून तू हायेस. हातानं दगडं काढली. मधल्या भिंतीपल्याड भाऊ हुता, त्याची चार लेकरं हुती. त्यांचा आवाज मला येत हुता, पर मी एकटा, आन् तुझा आवाज जवळचा. त्यांच्या घरचं एक माणूस जरी बाहेर असतं, तर त्यांना बी कोणी काढलं असतं. समदेच आत झोपले. गणपती बोळवून दमून आलते, झोपले." मग म्हणाले, "मी आत आलो की हितलं बाहेरचं माणूस सरलं."

मामा मालिका कधीच नीट पाहत नव्हते, हे मला त्या क्षणी कळलं. पुढे मी एकदा त्यांच्या स्टुलावर बसून पाहिलं. तिथून टीव्हीच्या काचेवर रस्त्यावरचा दिवा येतो, चित्र अर्धंच दिसतं. स्वच्छ दिसतो तो आत कोण कुठे बसलंय तेवढा भाग. आम्ही हसल्यावर ते हसायचे, ते यामुळे. मालिका कधी संपू नये असं वाटणारा लातुरातला तो एकच प्रेक्षक असेल. दर सोमवारी सगळी माणसं एका खोलीत, एका जागी, मोजून ठेवल्यासारखी बसलेली असत.

आत्यांनी डोळे पुसले असतील. मला पाठ दिसत होती. मग त्यांचा आवाज आला, तो बाजारात भाजी घेतानाचा.

"मग पाळी लावा."

"कसली पाळी?"

"बाहेर एक माणूसच लागतं न्हवं? तुम्हीच लागता असं तर न्हाई? घरात चौघं हाईत. आज मी ऱ्हाते बाहेर. तुम्ही आत जा."

"तुला दमा हाय."

"तुमचे गुडघे गेलेत. उठा."

संध्याकाळी दिवेलागणीला आत्या वाकळ घेऊन खरंच शेडमध्ये गेल्या आणि बाजेवर बसल्या. मामा उंबऱ्यापाशी थांबले, वर पाहिलं, आणि आत आले. इतकी वर्षं ज्या क्षणाची घरानं वाट पाहिली तो असा आला. नवरा क्लासहून येऊन चपला काढत होता, त्यानं एक चप्पल हातात धरून ते पाहिलं. मामा पलंगाच्या काठावर बसले, पाहुण्यासारखे. मग उठून खिडकीशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

"डास चावतेत का?" त्यांनी बाहेर विचारलं.

"तुम्हाला चावत नव्हते का?"

"हे काय झालं मग? आदी तू आत, मी बाहेर. आता मी आत, तू बाहेर."

"तुमच्याच नियमानं झालं."

नवऱ्यानं भौतिकशास्त्र काढलं. वडिलांना म्हणाला, "दादा, स्लॅब तपासून घेतलाय. इंजिनियरनं लिहून दिलंय, काही होत नाही." मामांनी विचारलं, "इंजिनियर कुठं झोपतो?" नवऱ्यानं हातातली चप्पल दाराशी ठेवली.

मामा त्या रात्री पलंगावर आडवे झाले नाहीत, आणि आत्यांना खोकला सुटला. चार दिवस असंच चाललं. कधी हे आत, कधी त्या. नवऱ्यानं गुत्तेदाराला पुढच्या आठवड्यात ये म्हणून परत पाठवलं. दोघं एकाच वेळी आत यायची तर बाहेर तिसरं कोणीतरी लागणार, हे गणित इतकं सोपं होतं की ते मांडायला घरात कोणी तयार होईना. नवऱ्याला पहाटे पाचला क्लास असे. शिवाय मला वाटतं, त्याला ते मान्य करणं जड जात होतं. एकदा बाहेर झोपलं की मामांचं म्हणणं खरं मानल्यासारखं होतं. ते मलाही खरं वाटत नव्हतं. पण मला ते खोटं आहे असं म्हणायचाही अधिकार नव्हता. मी ट्रक गेला म्हणून कूस बदलणाऱ्या घरातली.

मी मामांना सांगितलं की आज मी बाहेर झोपते, तुम्ही दोघं आत झोपा.

त्यांनी माझी मुलाखत घेतली. मला नोकरीच्या वेळी इतके प्रश्न विचारले नव्हते.

"तुला जमंल का? नांदेडची तू."

"जमेल."

"झोपशील?"

"जागी राहीन."

"जागं ऱ्हायची गरज न्हाई. बाहेर ऱ्हायाचं, बस. कुत्री भुंकली तर लक्ष द्यायचं. आन् काही झालं तर आदी आवाज कुठून येतोय ते ऐकायचं, मग पळायचं. लोक आदी पळतेत."

"बरं."

"पयलं कोणाला काढशील?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते.

"ज्याचा आवाज जवळचा, त्याला," मी म्हटलं.

 बाजेवरची स्वतःची उशी उचलून त्यांनी मला जागा करून दिली.

मी नऊ वाजताच आडवी झाले. शेडचे पत्रे दिवसभर तापलेले, त्यांची ऊब अजून होती. गच्चीवर मुलं मोठ्यानं पाठ करत होती, सूत्रं की काय ते. दार आतून लागलं. खिडकीतून त्या दोघांचे आवाज येत होते.

"पंखा बंद कर. हालतोय."

"हालणारच की. पंखा हाय."

"बंद कर."

पंखा बंद झाला. पलंग करकरला, एकदा, मग दुसऱ्यांदा. नवऱ्यानं कुठलंतरी दार ओढलं. बराच वेळ काही नाही.

"हाय का गं बाहेर?" मामांनी विचारलं.

"आहे, मामा."

थोड्या वेळानं पुन्हा, "हाय का?"

"आहे."

"झोपा की आता," आत्या म्हणाल्या, पण एकट्या मामांना की आम्हा दोघांना, ते आवाजावरून कळलं नाही.

तिसऱ्यांदा मामांनी विचारलं तेव्हा आवाज झोपेनं जरा जड होता. मी उत्तर दिलं. चौथ्यांदा हाक येईल म्हणून मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले. गच्चीवरची मुलं गप्प झाली, गल्लीतल्या खोल्यांमधले दिवे एकेक करून गेले, आणि मी आतून कोणाचाच आवाज येत नाही हे ऐकत राहिले.